शूटिंगमध्ये पाटी घेऊन उभा राहणारा ‘तो’ नेमकं काय करतो? जाणून घ्या ‘सेकंड असिस्टंट’चं काम, आणि एका मुलीच्या मृत्यूने जगाला शिकवलेला धडा

आपल्या वाई परिसराला शूटिंग काही नवं नाही. मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’ झाला, ‘गंगाजल’ झाला, ‘दबंग’ झाला. हिंदी सिनेमातलं उत्तरेकडचं गाव बघता बघता ‘अरे, हा तर आपला घाट!’ असं ओरडलेली माणसं इथे घराघरात सापडतील. तिकडे सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यात ‘सैराट’चं शूटिंग झालं आणि अख्ख्या तालुक्याने कॅमेरा जवळून पाहिला.

गावात शूटिंग आलं की गर्दी होते ती हिरो-हिरॉइनला बघायला. मोबाईल वर धरून जो तो एखादा फोटो मिळतोय का ते बघतो. त्या गर्दीला आणखी एक माणूस दर पाच मिनिटांनी दिसतो. हातात काळी-पांढरी पाटी. कॅमेऱ्यासमोर येतो, काहीतरी आकडे बोलतो, खटकन पाटी वाजवतो आणि पळत बाजूला होतो. पोरं त्याची नक्कल करतात. ‘एवढंच काम? हे तर आपणही करू,’ असंही कुणी म्हणतो.

पण पाटी वाजवणं हा त्या कामाचा सर्वांत छोटा भाग आहे. या कामाला इंग्रजी सिनेमात ‘सेकंड कॅमेरा असिस्टंट’ म्हणतात. सेटवर तोंडी ‘सेकंड एसी’. इथे एसी म्हणजे थंड हवेचं मशीन नाही, असिस्टंट कॅमेरा. हे काम काय असतं, आपल्याकडे ते कोण करतं, त्यात जायचं असेल तर काय बघावं आणि कुठे ‘नाही’ म्हणावं, हे आज समजून घेऊ.

कॅमेऱ्यामागची उतरंड

कॅमेरा एक असला तरी तो सांभाळायला एक माणूस पुरत नाही. सर्वांत वर असतो छायाचित्रणकार, म्हणजे आपण ज्याला मुख्य कॅमेरामन म्हणतो. सेटवर त्याला ‘डीओपी’ म्हणतात. उजेड कुठून यावा, कुठली लेन्स लावावी, चित्र कसं दिसावं हे तो दिग्दर्शकाशी बोलून ठरवतो.

त्याच्या खाली ऑपरेटर. हा प्रत्यक्ष कॅमेरा हलवतो. काही ठिकाणी डीओपी स्वतःच कॅमेरा चालवतो.

मग येतो फर्स्ट असिस्टंट, ज्याला सगळे ‘फोकस पुलर’ म्हणतात. हिरो चालत कॅमेऱ्याकडे आला तर त्याचा चेहरा प्रत्येक पावलाला स्पष्ट दिसला पाहिजे. त्यासाठी लेन्सची रिंग अचूक फिरवत राहायची, हे याचं काम. चेहरा जरा धूसर झाला की टेक वाया.

आणि त्याच्या खाली आपला सेकंड असिस्टंट. इंग्लंडमध्ये याला ‘क्लॅपर लोडर’ म्हणतात, म्हणजे पाटी वाजवणारा आणि कॅमेऱ्यात रीळ भरणारा. नावातच दोन कामं आली. पण खरी कामं मोजायला गेलो तर बोटं पुरणार नाहीत.

गावच्या लग्नात कोठी सांभाळणारा माणूस आठवा. स्वयंपाक आचारी करतो, वाढपी वाढतात, मान पाहुण्यांना मिळतो. पण साखर किती उरली, तेलाचा डबा कुठे ठेवला, ताटं कमी पडतील का, हे त्या किल्लीवाल्याला माहीत असतं. तो जागेवर नसला की पंगत अडते. सेकंड असिस्टंट हा कॅमेऱ्याच्या कोठीचा किल्लीवाला.

पाटीवर काय लिहितात?

पाटीवर सिनेमाचं नाव असतं. दिग्दर्शक आणि डीओपीचं नाव असतं. तारीख असते. दिवस की रात्र, आत की बाहेर हे असतं. कार्डचा किंवा रिळाचा नंबर असतो. आणि मुख्य म्हणजे सीन नंबर, शॉट नंबर, टेक नंबर.

हे तिन्ही वेगळे. सीन म्हणजे कथेतला प्रसंग. शॉट म्हणजे त्या प्रसंगातला कॅमेऱ्याचा एक कोन. टेक म्हणजे तोच शॉट कितव्यांदा घेतला. आपल्याकडे ‘सीन २४, शॉट ३, टेक २’ असं ओरडून सांगतात. अमेरिकेत शॉटला नंबरऐवजी इंग्रजी अक्षर देतात, म्हणजे २४ ए, २४ बी असं. त्यात ‘आय’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरं वगळतात. कारण घाईत लिहिलं की ती एक आणि शून्यासारखी दिसतात आणि पुढे घोळ होतो.

एवढी काटेकोर नोंद कशाला? कारण सिनेमा कथेच्या क्रमाने शूट होत नाही. घाटावरचे सगळे प्रसंग एकाच आठवड्यात उरकतात. मग त्यात पाचवा सीन असो की साठावा. कधी शेवट आधी शूट होतो आणि सुरुवात महिन्याने. पुढे एडिटरच्या टेबलावर हजारो तुकडे येतात. कुठला तुकडा कुठला, हे सांगणारी एकच खूण, ती म्हणजे पाटी.

ऊस वाहणाऱ्यांना हे लगेच कळेल. कारखान्याच्या काट्यावर गाडी गेली आणि पावतीवर नाव चुकलं, तर ऊस तुमचा असूनही बिल दुसऱ्याच्या नावावर पडतं. मग कितीही फेऱ्या मारा. पाटी ही त्या शॉटची काट्यावरची पावती आहे.

मग टाळी कशासाठी?

मोबाईलवर आपण व्हिडिओ काढतो तेव्हा चित्र आणि आवाज एकाच फाईलमध्ये येतात. सिनेमात बहुतेक वेळा तसं नसतं. चित्र कॅमेऱ्यात जातं आणि आवाज साउंड रेकॉर्डिस्टच्या वेगळ्या मशीनमध्ये. दोन्ही नंतर जुळवावे लागतात. जरा पुढे-मागे झालं तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो.

सिनेमात एका सेकंदात साधारण २४ चित्रं असतात. पाटीची वरची पट्टी खाली आपटली की चित्रात ती ज्या एका फ्रेममध्ये मिटलेली दिसते ती फ्रेम सापडते. आवाजाच्या आलेखात त्याच क्षणी एक उंच उभी रेष दिसते. ती फ्रेम आणि ती रेष एकमेकांवर ठेवली की पुढचा सगळा शॉट आपोआप जुळतो. टाळीचं काम एवढंच, पण त्याला पर्याय शोधूनही पाटी हटली नाही. आता कॅमेरा आणि साउंड मशीनमध्ये एकच डिजिटल घड्याळ चालवता येतं, आकडे पळणारी इलेक्ट्रॉनिक पाटीही आली. तरी टाळी देतातच. बॅटरी गेली, घड्याळ हललं तरी टाळी दगा देत नाही.

याचेही नियम आहेत. पाटी हलवायची नाही, नाहीतर चित्रात आकडे फासल्यासारखे दिसतात. कॅमेरा चेहऱ्याजवळ असेल आणि कलाकार रडण्याच्या प्रसंगाची तयारी करत असेल, तर त्याच्या नाकासमोर जोरात आपटायची नाही, हळूच मिटवायची. शॉटच्या सुरुवातीला पाटी देणं जमलं नाही, तर शेवटी देतात आणि तेव्हा ती उलटी धरतात. उलटी पाटी दिसली की एडिटरला कळतं, ही शेवटची खूण आहे. आवाज नसलेला शॉट असेल तर पाटी वाजवतच नाहीत. पट्टीमध्ये बोटं ठेवून दाखवतात, म्हणजे कुणी आवाज शोधत बसत नाही.

टेपचा तुकडा आणि इंग्रजी टी

शूटिंग संपलेल्या जागी जमिनीवर रंगीत टेपचे तुकडे चिकटलेले दिसतात. ते सेकंड असिस्टंटच्या हातचे असतात. त्यांना ‘मार्क’ म्हणतात. रिहर्सलमध्ये कलाकार जिथे थांबला तिथे त्याच्या पायाशी इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी खूण करतात. प्रत्येक कलाकाराचा रंग वेगळा. हिरोचा लाल तर बापाच्या भूमिकेतल्या नटाचा निळा, असं काहीही.

त्या खुणेवर कलाकार थांबला तरच फोकस पुलरचं माप बरोबर ठरतं. ते माप घेताना टेपचं दुसरं टोक कलाकाराच्या डोळ्यापाशी धरून सेकंड असिस्टंट उभा असतो. सिनेमात डोळे स्पष्ट दिसले पाहिजेत, कान नव्हे.

आता आपल्या मातीत टेप कुठे चिकटायला! शेतात, ओल्या घाटावर, धुळीच्या रस्त्यावर छोटा दगड, काडी, वाळूची पिशवी असलं काहीतरी ठेवतात. पाय दिसणारा मोठा शॉट असेल तर टेकच्या आधी ती खूण उचलायची आठवणही त्यालाच ठेवावी लागते.

लेन्स देताना एक शब्द

सिनेमाच्या लेन्सची किंमत लाखांत असते. डीओपीने ‘पन्नासची दे’ म्हटलं की ती पेटीतून काढून आणायची, आधीची परत ठेवायची, झाकणं लावायची. लेन्स एका हातातून दुसऱ्या हातात जाताना घेणाऱ्याने ‘घेतली’ म्हटल्याशिवाय देणारा सोडत नाही. जगभर हीच पद्धत आहे. ‘मला वाटलं तू धरलीस’ या वाक्याला तिथे जागा नाही.

बॅटऱ्यांचं तेच. भरलेल्या एकीकडे, संपलेल्या दुसरीकडे. संपत आलेली बॅटरी शॉटच्या मधे बंद पडायच्या आत बदलायची. पाऊस आला की आधी छत्री कॅमेऱ्यावर, मग स्वतःवर. रात्री पॅकअपनंतर प्रत्येक पेटी उघडून मोजदाद करायची. एक लहानसा स्क्रू घाटावर राहिला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं युनिट थांबू शकतं.

सोबत कागदपत्रं असतात ती वेगळी. कुठल्या टेकला कुठली लेन्स होती, दिग्दर्शकाने कुठला टेक ‘ओके’ केला, हे सगळं लिहून ठेवायचं. तीन महिन्यांनी तोच प्रसंग थोडा पुन्हा शूट करायची वेळ आली, तर ती वहीच कामाला येते.

दिवसभराची मेहनत ज्याच्या मुठीत

आता या कामातली सर्वांत जबाबदारीची गोष्ट.

पूर्वी सगळं फिल्मवर शूट व्हायचं. ३५ मिलिमीटरचं ४०० फुटांचं रीळ साधारण साडेचार मिनिटं चालतं, १००० फुटांचं अकरा मिनिटं. म्हणजे रीळ दिवसभर बदलत राहायचं. ते भरायचं कसं? पूर्ण अंधारात. यासाठी एक काळी पिशवी असते, तिला दोन बाह्या. दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालायचे आणि फक्त स्पर्शाने रीळ बसवायचं. जरा उजेड आत गेला की शूट केलेलं सगळं जळलं. ते पुन्हा मिळत नाही. हिरोची तारीख गेली, तो उजेड गेला, तो पाऊस गेला. परदेशात काही मोठे सिनेमे आजही फिल्मवर शूट होतात. २०२३ चा ‘ओपनहायमर’ तसाच झाला. त्यामुळे हे कौशल्य पूर्ण मेलेलं नाही.

आता बहुतेक ठिकाणी रिळाच्या जागी मेमरी कार्ड आलं. अंधाराची भीती गेली, पण नवी भीती आली. भरलेलं कार्ड आणि रिकामं कार्ड दिसायला सारखंच. भरलेलं कार्ड चुकून रिकामं समजून फॉरमॅट केलं, तर शंभर माणसांचा दिवस गेला. म्हणून भरलेलं कार्ड कॅमेऱ्यातून निघाल्याबरोबर त्यावर लाल टेप लावायची आणि नंबर टाकायचा, अशी पद्धत अनेक युनिटमध्ये असते. ते कार्ड खिशात टाकून चहाला जायचं नाही, थेट डेटा सांभाळणाऱ्याच्या हातात द्यायचं. त्याने निदान दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करून, उघडून तपासून ‘हो’ म्हटल्याशिवाय कुणीही कार्ड पुसायचं नाही.

आपल्या तालुक्यात लग्नाचं शूटिंग करणारे शेकडो तरुण आहेत. त्यांनी हा एकच नियम उचलला तरी पुष्कळ. हळदीचं कार्ड वरातीत पुसलं गेलं, तर नवरीच्या बापाला तोंड कसं दाखवणार?

आपल्याकडे थोडं वेगळं आहे

एक फरक लक्षात घ्या. अमेरिका-इंग्लंडमध्ये पाटी कॅमेरा विभागाचा सेकंड असिस्टंट वाजवतो. आपल्या हिंदी-मराठी सेटवर पाटी सहसा दिग्दर्शन विभागातला सर्वांत ज्युनिअर असिस्टंट डायरेक्टर देतो. राज कपूर यांनी सुरुवात केली ती अशीच, दिग्दर्शक केदार शर्मा यांच्याकडे पाटी देणारा पोरगा म्हणून. पुढे १९४७ च्या ‘नीलकमल’मध्ये त्याच केदार शर्मांनी त्यांना हिरो केलं.

आणि लेन्स, बॅटऱ्या, पेट्या सांभाळण्याचं काम आपल्याकडे बरंचसं ‘कॅमेरा अटेंडंट’ करतात. कॅमेरा भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून कॅमेऱ्यासोबत हे अटेंडंट येतात. परदेशात एक माणूस जे करतो ते आपल्याकडे दोघा-तिघांत वाटलेलं असतं. नाव काहीही असो, काम तेच, आणि पडद्यावर या माणसाचं नाव शेवटी, प्रेक्षक उठून चपला शोधत असताना येतं.

सारा जोन्स: हातात कॅमेऱ्याचं सामान, समोर रेल्वे

आता त्या मुलीची गोष्ट, जिच्यामुळे हे छोटं पद जगभर माहीत झालं.

सारा जोन्स अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यातली. वय २७. काम सेकंड कॅमेरा असिस्टंट. २० फेब्रुवारी २०१४ ला ती जॉर्जिया राज्यात ‘मिडनाइट रायडर’ या सिनेमाच्या शूटिंगवर होती. एका गायकाच्या आयुष्यावरचा सिनेमा. प्रसंग स्वप्नाचा होता आणि त्यासाठी नदीवरच्या रेल्वे पुलावर, रुळांवर, लोखंडी पलंग ठेवला होता.

रेल्वे कंपनीने रुळांवर शूटिंगला परवानगी दिलेली नव्हती. लेखी नकार दिला होता. युनिटच्या साध्या माणसांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना सांगण्यात आलं की दोन गाड्या जातील, मग मार्ग मोकळा. गाडी आलीच तर बाजूला व्हायला एक मिनिट मिळेल. दोन गाड्या गेल्या. सगळे पुलावर गेले. आणि तिसरी आली, मालगाडी.

पूल अरुंद. पळायचं तर गाडीच्या दिशेनेच, कारण बाहेर पडायची वाट तिकडे होती. काही जण पलंग रुळांवरून ओढायला धावले. साराच्या हातात कॅमेऱ्याचं सामान होतं. या सामानाचं काय करू, असं तिने त्या घाईतही ओरडून विचारलं, असं वाचलेल्या एका सहकारी बाईंनी नंतर सांगितलं. उत्तर आलं, टाकून दे. पण वेळ राहिला नव्हता. गाडीने पलंग उडवला, तुकडे सगळीकडे फेकले गेले. सारा तिथेच गेली. आणखी काही जण जखमी झाले.

तो प्रश्न डोक्यातून जात नाही. पहिल्या दिवसापासून या पोरांना शिकवलेलं असतं की सामान जपा, लेन्स पडू देऊ नका, ‘घेतली’ म्हटल्याशिवाय सोडू नका. समोरून गाडी येत असतानाही तिला आधी सामान आठवलं.

सिनेमाचा दिग्दर्शक रँडल मिलर याने मार्च २०१५ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला. सदोष मनुष्यवध आणि बेकायदा रेल्वे हद्दीत घुसणं. दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यात दोन वर्षं तुरुंग, बाकी देखरेखीखाली. प्रत्यक्षात साधारण एक वर्ष त्याने तुरुंगात काढलं. तो सिनेमा कधीच पूर्ण झाला नाही.

साराच्या मृत्यूनंतर देशोदेशीच्या सेटवर कॅमेरावाल्यांनी पाटीवर तिचं नाव लिहून फोटो टाकले. जी पाटी ती हातात धरायची, त्याच पाटीवर. त्या वर्षीच्या ऑस्करच्या प्रक्षेपणातही तिच्या नावाची पट्टी आली. तिच्या आईवडिलांनी सेटवरच्या सुरक्षेसाठी मोहीम सुरू केली. तिचा अर्थ सोप्या मराठीत सांगायचा तर असा: सर्वांत ज्युनिअर माणसालाही ‘हे धोक्याचं आहे, मी जाणार नाही’ असं म्हणता आलं पाहिजे, आणि त्यासाठी त्याचं काम जाता कामा नये.

हे आपल्याला का माहीत हवं?

कारण रूळ आपल्याकडेही आहेत, धरणाच्या भिंती आहेत, कडे आहेत, विहिरी आहेत. आणि आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मोठं युनिट असो, नाहीतर चार पोरांची रील, तिसरी गाडी कुणाला विचारून येत नाही.

परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडापेक्षा साराचं वय लक्षात ठेवा.

गावात शूटिंग येणार असेल तर सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, जागेचे मालक यांनी एक गोष्ट नक्की करावी. परवानगीचा कागद डोळ्यांनी बघावा. महाराष्ट्रात शूटिंगच्या परवानग्यांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. रेल्वेच्या जागेसाठी मात्र रेल्वेचीच परवानगी लागते. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ हा कागद नव्हे. गावातली माणसं गर्दीच्या सीनसाठी नेणार असतील, तर कुठे नेणार, किती वेळ, पाणी-सावली आहे का, जवळ गाडी-डॉक्टर आहे का, हे आधी विचारावं. विचारण्यात लाज कसली.

या कामात जायचं असेल तर

अनेक पोरापोरींना कॅमेऱ्याचं वेड असतं. त्यांच्यासाठी काही सरळ गोष्टी.

पहिली, शिक्षणाचा रस्ता. पुण्यात फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही १९६० साली सुरू झालेली सरकारी संस्था आहे. तिथे छायाचित्रणाचा मोठा अभ्यासक्रम आहे, त्याला पदवी आणि प्रवेश परीक्षा लागते. कमी मुदतीचे कोर्सही होतात. फी आणि तारखा संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरच बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जाहिरातीवर नको.

दुसरी, कामातून शिकण्याचा रस्ता. कॅमेरा भाड्याने देणाऱ्या कंपनीत पेट्या पुसण्यापासून सुरुवात करून अटेंडंट, मग असिस्टंट झालेली माणसं या धंद्यात आहेत. हा रस्ता लांबचा आहे. मुंबईत राहण्याचा खर्च, बारा-बारा तासांची शिफ्ट, आज काम उद्या सुट्टी, आणि पैसे कधीकधी उशिरा, ही तयारी ठेवूनच जा.

तिसरी, आजपासून घरी करता येण्यासारखी. मोबाईलवर दोन मिनिटांची गोष्ट शूट करा, पण प्रत्येक शॉटआधी पुठ्ठ्याची पाटी द्या, वहीत नोंद ठेवा, फाईलला नाव द्या आणि दोन जागी कॉपी करा. हे आठ दिवस न कंटाळता जमलं, तर या कामाचा स्वभाव तुमच्यात आहे. फक्त हिरोजवळ उभं राहण्याची हौस असेल, तर हे काम महिन्याभरात नकोसं होईल.

चौथी, कागद. सिने कामगारांसाठी संसदेने १९८१ साली कायदा केला, त्यात लेखी कराराची अट होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेतही दृक्-श्राव्य कामगारांना लेखी करार देण्याची तरतूद आहे. काम किती दिवस, रोजचे पैसे किती, कधी मिळणार, राहणं-जेवण कुणाकडे, हे लिहून घ्या. करार मिळत नसेल तर निदान मेसेजवर तरी घ्या.

पाचवी आणि महत्त्वाची. ‘सिनेमात काम देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा. काम करणाऱ्याला पैसे मिळतात, तो पैसे भरत नाही. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड. आणि मुलींना ऑडिशन, टेस्ट असं सांगून एकटीला हॉटेलवर बोलावलं, तर घरच्यांना सांगितल्याशिवाय आणि सोबत कुणी असल्याशिवाय जाऊ नका.

पुढच्या वेळी शूटिंग बघाल तेव्हा

घाटावर पुन्हा लाइट लागतील, गर्दी होईल. हिरोला बघाच, त्यात गैर काही नाही. पण ‘क्लॅप’ असा आवाज आला की त्या पाटीवाल्याकडे, त्याच्यामागे पेटीतून लेन्स काढणाऱ्या अटेंडंटकडेही जरा बघा. उन्हात उभा असेल, घशाला कोरड पडली असेल. ब्रेक झाला की पाण्याचा एक तांब्या पुढे करा आणि विचारा, ‘दादा, हे आकडे कसले?’ वेळ असेल तर तो नक्की सांगेल. हिरोबद्दल त्याला रोज विचारतात, त्याच्या कामाबद्दल सहसा कुणी विचारत नाही.

आपल्या गावातलं कुणी सिनेमा-मालिकांच्या कॅमेरा विभागात काम करत असेल, तर आम्हाला जरूर कळवा. त्यांचा अनुभव त्यांच्याच शब्दांत इथे देऊ.